मतदान अधिकारी क्रमांक दोन

साडेपाचला मॉक पोल झाला,
आणि सहाच्या सुमारास इरण्णा बिराजदारांची नजर
भिंतीवरच्या तक्त्यावर गेली.

दहावी ब चा वर्ग, भद्रावती पेठ.
तक्ता माझ्याच मुलांनी रंगवलेला,
टॉवेलच्या खोक्यांचा पुठ्ठा जोडून:
वटवाघळाचा पंख, देवमाशाचा पर,
घोड्याचा पाय, माणसाचा हात.
चौघांतही दंडाचं हाड तांबडं,
खालची दोन पिवळी,
मनगटातले खडे निळे,
बोटं हिरवी.

"हे पंजाच की हो मॅडम," ते म्हणाले. "झाका."

केंद्राध्यक्षांनी पुस्तिका चाळली.
हाडांबद्दल त्यात काही नव्हतं.
तरी कालचा पेपर आला, चार टाचण्या आल्या,
आणि माणसाचा हात तेवढा झाकला गेला.
"घोडा राहू द्या," मी म्हटलं, "तो उभा नाही."
कुणी हसलं नाही.
मागच्या बाकावरून दुसरा एजंट पुटपुटला,
"सगळंच काढाय पाहिजे खरं तर.
लेकरांना माकड म्हणायलेत."

फेब्रुवारीत संस्थेचे सचिवही हेच म्हणाले होते,
जरा गोड करून:
तो धडा यंदा नको, निकाल लागू दे.
कुठला निकाल, मी विचारलं. परीक्षेचा की…
त्यांनी चहा मागवला.

आणि आपला माणूस?
ज्याच्या सभेत मी वीस वर्षं पुढच्या रांगेत बसले,
तो जिन्यात थांबून म्हणाला,
"तुमचं बरोबर आहे मॅडम.
पण आत्ता पाणी, आत्ता विडीची मजुरी.
माकडाचं नंतर बघू."
खोटं नव्हतं ते.
पाचव्या दिवशी नळ येतो, रात्री दोनला उठून
मीही पिंप भरते.
फक्त ते "नंतर" मला ओळखीचं वाटलं.
बायकांच्या प्रश्नालाही हाच शब्द मिळाला होता,
याच जिन्यात.

मग शनिवारी सकाळी, जादा तास, दार उघडं ठेवून,
मी तो धडा शिकवला.
पहिल्या वेळी एकोणीस पोरं.
तिसऱ्या वेळी एकतीस, आणि दोन आया,
मांडीवर सूप घेऊन, विड्या वळत ऐकणाऱ्या.
एकीनं विचारलं, "घोड्याची बाकीची बोटं गेली कुठं?"
इतका चांगला प्रश्न
मला बी.एड.ला कुणी विचारला नव्हता.

तर आज मी शाई लावते.
डावा हात पुढे करा. तर्जनी.
तंबाखूनं पिवळी पडलेली तर्जनी.
मागाच्या धोट्यानं पेरभर नेलेली.
कालच्या लग्नातली मेंदी.
शिलाईच्या सुईची भोकं.
बेचाळीस अंश उन्हातून आलेले घामट हात,
एक तांबडं, दोन पिवळी, निळे खडे,
एकेक माझ्या हातात येतं आणि जातं,
आणि वर भिंतीवर पेपर पंख्यानं फडफडतो.

दुपारी मल्लेशम आले, गुंडेटींच्या कारखान्यातले.
डाव्या हाताला सहा बोटं.
"कुठून मोजू, अंगठ्याकडून की करंगळीकडून?"
रांग हसली. केंद्राध्यक्षांनी पुन्हा पुस्तिका काढली.
मी त्यांचा हात धरून राहिले, जरा जास्तच वेळ.

चारला गर्दी ओसरल्यावर बिराजदारांनी स्वतःचं मत दिलं.
त्यांचं बोट थरथरत होतं, साखरेचा त्रास असावा.
"गार लागतंय," ते म्हणाले.
मी म्हटलं, "सगळ्यांनाच लागतं."

निकाल अजून लागायचाय.
दोन्ही.

सोमवारी मी पेपर काढला नाही.
खाली काय असेल ते काढा, म्हटलं, पाच गुण.
पोरांनी वहीवर आपापला हात ठेवला
आणि भोवतीनं पेन्सिल फिरवली.
मल्लेशमच्या नातीनं सहा बोटं काढली.

मी पैकीच्या पैकी दिले.